अडयांची राखण

मालिनीबाई परब यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान समितीने मला दिला, तेव्हा अध्यक्षांनी एक सूचनाही केली. "सर, लेख आनंदाचा होऊ द्या." मी मान डोलावली, घरी आलो आणि कागद पुढे ओढून बसलो. पण बाईंची पहिली आठवण काढू गेलो तर आठवली ती भीती. ती बाजूला सारून दुसरी काढली, तर तिथेही भीतीच. बाईंच्या सहवासात माझी इतकी वर्षे गेली, आणि त्यांतला निम्माअधिक काळ मी कशाला ना कशाला घाबरलेलो होतो. माझा स्वभावच तसा. तेव्हा अध्यक्षांची आगाऊ क्षमा मागतो आणि घडले तसे लिहितो.

मी मूळचा सीमेपलीकडचा, सिंधुदुर्गातला. वडील डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवीत, म्हणून आमचे बिऱ्हाड इकडे आले आणि इथलेच झाले. पुढे तालुक्यातल्या या गावच्या हायस्कुलात मी मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. बाई तिथे आधीपासून विज्ञान शिकवीत होत्या. त्यांचे माहेर मांद्र्याचे. मी रुजू झालो त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले, "परब बाई मुलांना संध्याकाळी तळ्यावर नेणार आहेत. सोबतीला एक पुरुष शिक्षक असलेला बरा." सोबतीला म्हणजे रक्षणाला, असा त्याचा अर्थ होता. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितले नाही.

आमचे तळे गावाच्या वरच्या अंगाला आहे. मागे खाणीतून उपसलेल्या तांबड्या मातीचा डोंगर, पुढे उतरत गेलेली भातशेती आणि मध्ये हे पाणी. कडेला लव्हाळी, मध्ये कमळे. बांधाच्या टोकाला सातवणीच्या झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. पेरणीआधी गाव त्याला नारळ, रोट आणि विडी देतो. दिवेलागणीनंतर तो तळ्यावरून शीळ घालीत फिरतो, अशी समजूत होती. शीळ कानावर आली तर मागे वळून पाहू नये; सरळ घर गाठावे, पाय धुवावेत आणि चुलीपाशी बसावे. आमच्या मूळ गावातही असेच एक तळे आणि असाच एक राखणदार होता. "शीळ ऐकलंस तर नाव घेव नको, तोंड वर करू नको," असे आईने मला बोलायला शिकवले त्याच सुमाराला शिकवले होते.

त्या संध्याकाळी मुले बांधावर ओळीने बसली होती. उजेड उतरला आणि पाण्यावरून शीळ आली. एक आली, मग दुसरी, मग डोक्यावरून चारी बाजूंनी. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गाऱ्हाणे घालू लागलो. मुलेही भेदरून बाईंच्या पदराला बिलगली. बाईंचा आवाज आला, "कोणी पळायचं नाही. सगळ्यांनी वर बघा." मग थोडे थांबून, "सर, तुम्ही पण."

मी एक डोळा उघडला. तांबूस, लांब मानेचे पक्षी पंख सावकाश हलवीत शेतांकडे निघाले होते, आणि जाता जाता एकमेकांना शीळ घालीत होते. "ह्या अडया," बाई मुलांना सांगू लागल्या, "रानबदकांतली ही जात शीळ घालते. दिवसभर पाण्यावर डुलक्या काढतात आणि काळोख पडला की भातात चरायला जातात. गोगलगायी, कोवळे कोंभ, पडलेले दाणे, असं त्यांचं जेवण." मुलांचे चेहरे उजळले. मी मात्र परतताना हळूच विचारले, "बाई, मग राखणदार?" त्या म्हणाल्या, "तो असेल तर असू दे, सर. शीळ मात्र ह्यांची." त्या रात्री मी घरी जाऊन पाय धुतलेच.

बाईंच्या अध्यापनाविषयी या ग्रंथात इतर लिहितीलच. मला दिसले ते एवढे, की त्यांचा अर्धा वर्ग तळ्यावर भरत असे. चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळाशी तांबडा ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक, चिमुकली काणूक, दिवाळीनंतर उत्तरेकडून येणारी आणि शिगम्याचे ढोल वाजू लागेपर्यंत परत जाणारी तलवार बदके, ही सारी पाखरे मुलांना घरच्या माणसांसारखी ओळखू येत. बदक डोके पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडे करी, तेव्हा पोरे खिदळत आणि बाई त्यांना खिदळू देत. मग विचारीत, "ह्याची मान पोचते तेवढंच पाणी ह्याला हवं. खोल पाण्यात हे काय खाईल?" उथळ पाणी म्हणजे ताट आणि खोल पाणी म्हणजे बिछाना, असे त्यांनी समजावले होते, आणि आज पन्नाशीला आलेले त्यांचे विद्यार्थी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवतात.

त्यांचा एक नियम होता. बदकांच्या थव्यात बाकीची चरत असली तरी एकाची मान वर असते, ते चहूकडे पाहत असते. तसा बाईंच्या वर्गातही एक मूल मान वर ठेवून उभे राहायचे. पाण्याच्या कडेला कोणी फार पुढे गेले, पाय घसरला, सापबीप दिसला, तर त्याने ओरडायचे. हे काम मुलांना कंटाळवाणे वाटे, म्हणून बहुधा ते माझ्याकडे येई. मला काही वेगळे करावेच लागत नसे, मी तसाही सगळीकडे भिऊन पाहतच असे. एकदा मी ओशाळून तसे बोलून दाखवले तेव्हा बाई म्हणाल्या, "भीती वाईट नाही, सर. न भिणारं बदक मी अजून तरी पाहिलेलं नाही." शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट पसरली आणि मला काही दिवस 'बदक सर' म्हणण्यात येत होते. असो.

बाईंच्या माणुसकीचा एक अनुभव सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. खाणी बंद पडल्या तेव्हा माझे वडील घरी बसले. आयुष्यभर ज्या चढउतारांवर ट्रक घातला ते रस्तेच सुने झाले. ते बोलेनासे झाले, जेवेनासे झाले. जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, खुर्ची घेऊन दिवस काढीत. मला त्यांची भीती वाटू लागली. शाळेतून परतताना दार उघडण्याआधी मी क्षणभर थांबत असे. बाई एकदा घरी आल्या. समाचाराचे एक अक्षर न बोलता त्यांनी विचारले, "काका, बंद खड्ड्यांपैकी कुठकुठल्यात पाणी राहिलंय? पाखरं बसतात काय थंय?" वडील जनेलाकडून वळून म्हणाले, "बसतत. खूप बसतत. पण तडी उभी आसत, मेल्यांका खावक काय गावतला?"

बाईंना नेमके हेच हवे होते. रविवारी त्या वडिलांना घेऊन गेल्या, पुढच्या रविवारीही. दिवसा त्या खोल, निळ्या पाण्यावर बदके निर्धास्त बसतात, कारण तिथे माणूस उतरू शकत नाही. पोट भरायला मात्र त्यांना गावच्या उथळ तळ्याकडे आणि शेतांकडेच यावे लागते, घरटी करायलाही इथेच. ती येतात-जातात कुठल्या वाटेने, हे वडिलांनी बाईंना दाखवले, आणि बोलता बोलता ते घरीही बोलू लागले. पुढे त्यांना बरीच वर्षे लाभली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात म्हापशाच्या इस्पितळात बाई रोज संध्याकाळी आईजवळ येऊन बसत आणि येताना तिच्यासाठी गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे, तिच्याकडे येतो.

बाईंनी शिकवलेले मुलांनी घरी नेले. "राखणदाराची शीळ नव्हे ती, बदकांची," असे घरोघरी झाले. म्हातारी माणसे रागावली, मग गप्प झाली. दिवेलागणीनंतर तळ्याकडे न फिरकणारा गाव हळूहळू फिरकू लागला. आम्हांला वाटले, बरे झाले, एक भ्रम गेला. मीसुद्धा एकदोनदा संध्याकाळी बांधावरून जाऊन आलो आणि स्वतःवर खूश झालो.

श्रावण लागायच्या आधीचे दिवस होते. महिनाभर मांसमच्छी बंद होणार म्हणून घरोघर शेवटच्या मेजवान्या चालल्या होत्या. मी बाईंच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून चाचणीचे पेपर तपासत होतो. बाहेर पाऊस. बाईंचा जुना विद्यार्थी उमेश भिजत आला. हातात पिशवी, तोंडभर हसू. पायऱ्यांवरच चप्पल काढून त्याने पिशवी बाईंच्या पुढे धरली. आत दोन अडया होत्या, माना सुतळीने बांधलेल्या.

"बाई, तुमच्यासाठी. शाकुती बरी जाता ह्यांची."

"खंय मारलीस?" बाईंनी विचारले.

"तळ्यार. आदीं सगळे भियेताले. तुमी शिकयलां न्ही, शीळ ती बदकांची म्हणून? आतां कोण भियेना!"

तो शाबासकीची वाट पाहत होता. गुरूने दिलेल्या ज्ञानाचे चीज केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता, आणि त्यात खोटे काही नव्हते. बाई खाली बसल्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. अडयांत नर-मादी सारखेच दिसतात आणि दोघे आळीपाळीने अंडी उबवतात, हे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. ही जोडी होती. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "कुठल्या झाडातून उठली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, उमेश आणि मी त्या झाडापाशी गेलो. तळ्याच्या वरच्या कडेला एक वठलेला आंबा आहे, त्याच्या खोडात ढोली. उमेशने चढून आत हात घातला आणि एक अंडे काढून बाईंच्या तळहातावर ठेवले. ते थंड होते. आत आणखी होती, तीही थंड. उमेश खाली उतरून बराच वेळ चिखलाकडे पाहत उभा राहिला. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. परतताना त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, माका भय दिसता. मी आजवर आणखी काय काय शिकवलंय आणि त्याचं कोणी काय केलंय, कोणाक ठाऊक?" बाईंच्या तोंडून भय हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

उमेशने पुन्हा बंदूक उचलली नाही. पण तो एकटा थोडाच होता? बाईंनी वनखात्याला कळवले. शिकारबंदीची एक पाटी लागली, ती गंजली. शेवटी बाई गावकरांकडे गेल्या. गावकर म्हणजे देवस्थानचे मानकरी पुंडलीकबाब, गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालणारे. त्यांच्या अंगणात मी बाईंच्या मागे उभा होतो, कारण मला त्यांचीही भीती वाटे.

पुंडलीकबाबांनी पान तोंडात सरकवले. "बाये, इतलीं वर्सां तो शीळ घालतालो, तळें राखिल्लें उरलें. तुवें ताका बदक केलो."

"शीळ पाखरांची, असं मी म्हटलंय," बाई म्हणाल्या, "तो नाही, असं कधीच म्हटलेलं नाही."

"मगीर आतां कितें जाय तुका?"

"गाऱ्हाण्यात पाखरांचं नाव घाला. पाखरं त्याची आहेत, म्हणा."

पुंडलीकबाबांनी पान गालात सरकवले. मग म्हणाले, "घालतां. पूण गाऱ्हाणें आयकूंक तो आसूंक जाय. तो आसा जाल्यार राखतलो." पिंक टाकून त्यांनी बाईंकडे पाहिले. "आनी ना जाल्यार? ना जाल्यार राखण तुवें करची."

बाई म्हणाल्या, "बरं. तो नसेल तर राखण मी करीन."

पेरणीआधीच्या गाऱ्हाण्यात त्या वर्षी नवी ओळ आली. "बा देवा म्हाराजा, मेरेची राखण तुजी, तळ्याची राखण तुजी, आनी हीं शीळ घालपी पाखरां तुजीं, तांकां कोणाची दीठ लागूं नये, कोणाचो हात लागूं नये." जमलेल्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटले. विज्ञानाच्या बाईंनीही म्हटले, आणि बऱ्यापैकी मोठ्याने म्हटले. मी नंतर त्यांना चिडवले तर म्हणाल्या, "त्याची बाजू त्याने सांभाळायची, माझी मी. ठरलंय आमचं."

आणि बाईंनी आपली बाजू सांभाळली. आषाढापासून भाद्रपदापर्यंत, म्हणजे अडया ढोलीत आणि हळदी-कुंकू बदके मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, गवतात अंडी घालतात ते सगळे दिवस, बाई रोज दिवेलागणीआधी बांधावर जाऊन बसत. छत्री, बॅटरी आणि प्लास्टिकचे एक स्टूल. निवृत्तीनंतरही यात खंड पडला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याशी त्या दोन शब्द बोलत. कोणी बंदूक घेऊन आलाच तर त्याच्या आईची चौकशी करीत, आणि तो परत जाई. काही दिवसांनी बांधावरच राहणाऱ्या त्यांच्या स्टुलावर सकाळी नारळ, रोट आणि विडी सापडू लागली. कोण ठेवी ते कधी कळले नाही. नारळ बाईंच्या कालवणात गेला, रोट आम्ही वाटून खाल्ला, आणि विडी माझ्या वडिलांना मिळाली. पाषाणाच्या वाट्याचे त्यालाही मिळत होते, त्यामुळे तिकडून तक्रार नव्हती.

आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मीही जात असे. तेही पाऊस नसेल तर. अशाच एका संध्याकाळी ती गाडी आली. गावातली नव्हती. चार तरुण उतरले, दोघांच्या हातांत बंदुका. त्यांना बाई कोण ते ठाऊक नव्हते आणि बाईंना त्यांच्या आया ठाऊक नव्हत्या. वठलेल्या आंब्याच्या ढोलीत तेव्हा पुन्हा एक जोडी बसली होती. उमेशच्या त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. बाई उठल्या आणि बांधावरच्या अरुंद वाटेत मधोमध उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. एकाने बॅटरीचा झोत बाईंच्या तोंडावर मारला आणि तसाच धरून ठेवला.

"आजी, बाजूक राव."

"पुढे जाऊ नका," बाई म्हणाल्या, "खाणीची माती वाहून येऊन तळ्यात भरली आहे. वरून गवत दिसतं, खाली गाळ आहे. मागच्या पावसात म्हैस रुतली ती वर आली नाही."

हे खरेच होते. त्या म्हशीचे हंबरणे मी ऐकले होते आणि ते अजून माझ्या झोपेत येते. तो मुलगा हसला. त्याने बंदुकीची नळी वर केली. आभाळाकडे, की बाईंच्या डोक्यावरून, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटले, संपले. मी बाईंचा हात धरायला गेलो, तर त्यांनीच माझे मनगट धरले होते, आणि त्यांचा हात थरथरत होता. इतका, की माझ्या घड्याळाचा पट्टा वाजत होता. त्या पुटपुटल्या, "सर, हलू नका. मला फार भीती वाटतेय."

बार झाला. सगळे तळे उठले. शिळांनी आभाळ भरून गेले, आणि त्या पोरांपैकी एकजण, बहुधा सर्वांत धाकटा, घाबरून चार पावले मागे गेला. वाट सुटून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला. त्याला ओढून काढण्यात त्यांची मस्ती ओसरली. शिव्या देत ते गेले. गाडीचा आवाज पार विरेपर्यंत बाई तशाच उभ्या होत्या. मग स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितले.

पण त्यांची खरी भीती तर आता सुरू झाली होती. जोडी उडून गेली होती. अंडी गार होतील ही भीती. आम्ही आंब्यापासून दूर, हालचाल न करता बसून राहिलो. एक कावळा येऊन फांदीवर बसला, बाईंनी खडा मारून त्याला हाकलला. काळोख दाटत गेला. मी मनात गाऱ्हाणे घालत होतो आणि बाई काय करीत होत्या ते मला माहीत नाही. त्यांचे ओठ मात्र हलत होते. खूप वेळाने एक अडई एकटीच आली, झाडाभोवती फिरली, निघून गेली. पुन्हा आली. मग ढोलीच्या तोंडाशी बसली आणि आत शिरली. बाई रडल्या. पिल्ले बाहेर पडली तेव्हा त्यांना टुणकन खाली उडी मारताना आणि आईबापांच्या मागून पाण्यात जाताना आम्ही पाहिले, पण त्या दिवसाचे वर्णन करणारा दुसरा कोणीतरी असावा, माझ्या डोळ्यांत पाणी होते.

बाई निर्भय आहेत, असे या ग्रंथात अनेकांनी लिहिले असेल. ते चूक आहे. बाई माझ्याइतक्याच भितात, हे माझ्या मनगटाला ठाऊक आहे. मी भिऊन घरी जातो, त्या भिऊन तिथेच बसतात, एवढाच फरक.

गेल्या आषाढात बाई बांधावर पडल्या. पाऊस धरून होता. त्यांचे चिरंजीव म्हापशाहून सुट्टीला आले होते, त्यांचा फोन आला, "सर, आई अजून घरा येवंक ना." मी बॅटरी घेऊन निघालो. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये हातभर वाट. हाका मारीत गेलो, उत्तर नाही. शेवटी मेरेपाशी छत्री दिसली, उलटी झालेली. शेजारी बाई एक पाय मुडपून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "हळू या, सर. त्या अंगाने उतरू नका, गवतात हळदी-कुंकवाचं घरटं आहे." मोडलेला पाय आणि भिजलेले लुगडे, आणि काळजी कसली तर ही. मी त्यांच्यावर ओरडलो. सहकारी म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओरडलो.

पाय जुळला आहे, पण काठी कायमची लागली. डॉक्टरांनी बांधावर जायला सक्त मनाई केली आहे. चिरंजीव येऊन माझ्या हाता-पाया पडून गेले, "सर, ती तुमचें आयकता. सांगात तिका." मी सांगितले. बाई बाल्कांवात बसून काठीने फरशीवर टकटक करीत होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग कोण?"

या प्रश्नाला मी खूप भितो. वर्षभर तो टाळला. समितीने शाल, श्रीफळ आणि हा ग्रंथ असा बेत केला, त्यात आम्हा सर्वांच्या मनात हेही होते की शाल पांघरून बाईंना घरी बसवावे. बाईंना याचा संशय आहे, आणि तो रास्त आहे. त्यात समितीने एक घोटाळा करून ठेवला. बाईंची पंचाहत्तरी येते आषाढात, आणि समारंभ ठेवला डिचोलीच्या सभागृहात, संध्याकाळी. आमंत्रण द्यायला गेलो तर बाईंनी वेळ वाचली आणि म्हणाल्या, "मी शाल घेऊन लगेच निघेन हां. ती वेळ अडया उठायची. ढोलीत अंडी आहेत यंदा." अध्यक्षांना वाटले, बाई थट्टा करताहेत. अध्यक्ष, बाई थट्टा करीत नाहीत. भाषणे रंगात येतील आणि उत्सवमूर्तींची खुर्ची रिकामी असेल. काठी टेकत त्या त्याच बांधावर असतील, आणि या खेपेला कोणी शोधायला येईपर्यंत काय होईल, या विचाराने मला झोप नाही.

तेव्हा मंडळी, बाईंना उदंड आयुष्य लाभावे, पाय धड राहावा, नजर शाबूत राहावी आणि आम्हांला अजून पुष्कळ वर्षे त्यांनी दटावावे, ही प्रार्थना मी आपणा सर्वांबरोबर करतो. फक्त ती सभागृहात बसून करणार नाही. समारंभाला मी नसेन. मला पोहता येत नाही, बंदुकीचे भय वाटते, आणि खरे सांगायचे तर त्या पाषाणाचेही वाटते. स्टूल मी आजच बाईंच्या घरून उचलून आणले आहे. त्यापुढच्या संध्याकाळची राखण कोणाकोणाची, ते तुम्ही व्यासपीठावरून बाईंना आपापल्या तोंडाने सांगा.

बाई, शाल घ्या, भाषणे पुरती ऐका आणि सावकाश जेवा. तळ्यावर मी आहे.